मेनेलाओसची शांतता

अथेन्सच्या एका चर्चमागच्या सभागृहात मेनेलाओसच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाची स्मरणसभा होती. रेकॉर्ड कंपनीचा एवढा मोठा साहेब गेलेला, म्हणून मंत्रीही आले होते. आल्या आल्या त्यांनी म्हाताऱ्या इवान्थियाला, त्याच्या कंपनीच्या जुन्या गायिकेला, कोपऱ्यात गाठलं.

“बाई, ते एक गाणं तेवढं आज नको. लष्करी राजवटीत माझे वडील कुठल्या खुर्चीत होते, तुम्हाला ठाऊकच आहे. कशाला गाडलेली मढी उकरायची? एक मिनिट शांतता पाळू, प्रसादाचे उकडलेले गहू खाऊ आणि घरी जाऊ.”

“पाळू की,” इवान्थिया म्हणाली. “मेनेलाओससाठी शांतता तर पाळायलाच हवी.”

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. क्षणभर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग मागून कुणीतरी तेच गाणं गुणगुणलं, दुसऱ्याने ओळ उचलली, आणि बघता बघता सभागृह दणाणलं. इवान्थियाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मंत्री लालबुंद झाले. “अहो, शांतता ठरली होती ना!”

“मग पाळतोय की, साहेब! लोकांच्या तोंडी बसलेलं हे गाणं तुमच्या वडिलांनी माझ्या रेकॉर्डवरून काढायला लावलं. मेनेलाओसने त्या जागी दुसरं घातलंच नाही. रेकॉर्ड फिरायची, सुई चालायची, आवाज नाही. तेवढा वेळ घराघरांत लोकच गायचे. त्याच्या शांततेत गप्प बसायची आम्हाला सवयच नाही.”