भुऱ्याच्या आडोशाला

लेक माहेरी येणार म्हणून शालनताईंनी भुऱ्याला मागच्या पडवीत बांधलं होतं. रस्त्यावर मार खाल्लेलं कुत्रं ते, लहान मुलांना पाहून काय करेल याची त्यांना धास्ती होती. पण नातवंडांनी त्याला केव्हाच सोडवलं आणि दुपारी ती त्याच्या अंगावर रेलून खेळत होती. तरी शालनताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

धाकट्या नातीच्या हातून कप फुटला, तसा जावयाने हात उगारला. मुलं रडली नाहीत. सवयीने डोकी झाकून भुऱ्यामागे दडली. भुऱ्या जावयाकडे बघून गुरगुरला.

"आधी त्या कुत्र्याला बांधा," जावई म्हणाला.

शालनताई जागच्या हलल्या नाहीत.

लेक मान खाली घालून हळूच म्हणाली, "आई, मुलांना घेऊन मी इथेच राहिले तर?"

शालनताईंनी तिची बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.