लिंबूटिंबूचा स्वीकारांक

बालवाडीच्या अंगणात पकडापकडी रंगली होती. प्रत्येक मुलाच्या छातीवरचा बिल्ला कोण कुणामागे धावतं, कोण कुणाला टाळतं हे टिपून त्या मुलाचा स्वीकारांक काढत होता. बिल्ला बनवणाऱ्या डॉ. चारुलता नाडगौडा स्वतःच्याही खांद्याशी एक लावून ऐटीत उभ्या होत्या. त्यांचं यंत्र आजवर चुकलं नव्हतं.

"मृण्मयी शून्यावर आलीय," त्या बालवाडीच्या सुमेधाताईंना म्हणाल्या. "नियमाप्रमाणे तिची शाळा बदलावी लागेल. बघा, ज्याच्यावर राज्य आहे तो पोरगा तिला खेटून गेला, पण हात लावला नाही. कुणीच लावत नाही."

सुमेधाताईंनी त्या पोराला हाक मारली. "का रे, हिला का नाही पकडत?"

"ती लिंबूटिंबू आहे!" तो धापा टाकत म्हणाला. "तिच्यावर राज्य आलं की ती रडते आणि घरी जाते. मग आमच्यात कशी खेळणार?"

चारुलताबाई चपापल्या. लहानपणी थोरल्या भावंडांत त्याही लिंबूटिंबूच होत्या. यंत्राला सगळं शिकवलं, नेमकं तेवढंच राहून गेलं!

त्यांनी पदर खोचला. "मला घेता का रे खेळायला?"

पोरांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, कुजबुज केली.

"या," मृण्मयीच म्हणाली, "पण तुम्हीपण लिंबूटिंबू हं!"

त्या मनसोक्त धावल्या. खेळ संपला तेव्हा त्यांच्या बिल्ल्यावर ठळक शून्य उमटलं होतं, आणि ते मिरवतच त्या घरी गेल्या.