पाचवी वाटी

लग्न म्हणजे दोन घराण्यांची अब्रू असते, ती एकदा गेली की गेली, असं संयोगिताकाकू गंभीरपणे म्हणाल्या आणि गुलाबी फुग्याला तोंड लावून पुन्हा फुंकू लागल्या.

रविवारी त्यांच्या लेकीची, प्रियदर्शनीची, बॅचलरेट होती. बॅचलर तर पोरगं असतंय, मग पोरीचं हे काय, असं काकूंनी आधीच विचारून घेतलं होतं. प्रियदर्शनीनं मोबाईलवर रील दाखवल्या तेव्हा त्यांनी त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला: केळवणच, फक्त कपडे सगळ्यांचे एका रंगाचे आणि जेवणाआधी खेळ.

खेळांचं काम पुतणीकडे, अनुजाकडे आलं. शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून अनुजा दिवाळीपासून घरीच होती, आणि घरी बसलेल्या बिनलग्नाच्या पोरीला वेळच वेळ असतो याबद्दल सगळ्या भावकीत एकमत होतं.

तिची खरी नेमणूक मात्र वेगळ्याच कामावर होती. प्रियदर्शनी शिकायला पुण्यात होती, तेव्हा तिथं एक रुद्रेश होता. किती होता, हे काकूंनी विचारलं नव्हतं. आता नाही, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं होतं. पण रविवारी नवऱ्या मुलाची, उदयसिंहची, बहीण राजनंदिनी येणार होती. खेळता खेळता भलतंच काही निघालं असतं तर ठरलेलं लग्न मोडायला वेळ लागला नसता.

"अनू, खेळ असा बघ," काकू म्हणाल्या, "की हसायला येईल आणि कळायचं काय न्हाय."

अनुजानं मान डोलावली. या बाबतीत तिचं आणि काकूंचं कधी नव्हे ते पटलं होतं.

प्रियदर्शनीची मैत्रीण मोना इंटरनेटवरून सगळा कार्यक्रमच उतरवून आली होती. पहिला खेळ 'मी कधीच नाही'. आपण कधी न केलेली गोष्ट एकीनं सांगायची आणि ज्यांनी ती केलीय त्यांनी कोकम सरबताचा घोट घ्यायचा. अनुजानं तो बाद केला. मग 'खरं सांग नाहीतर मिरची खा'. कोल्हापुरात मिरचीला भिऊन खरं कोण बोलणार, असं मोनाचं म्हणणं होतं आणि ते खोडण्यासारखं नव्हतं. तरी अनुजानं तोही बाद केला.

तिसरा खेळ मोनाचा लाडका होता. नवऱ्या मुलाला प्रश्न विचारून त्याचा व्हिडिओ करून आणायचा आणि तीच उत्तरं नवरीला ओळखायला लावायची. शिरोलीचा रस्ता अनुजाच्या पायाखालचा, तर तिनंच उदयसिंहला त्याच्या फौंड्रीत, वाळूच्या साच्यांपाशीच गाठावं, असं मोनानं सुचवलं. पावण्यांना कामाच्या जागी त्रास देणं बरं दिसत नाही, असं अनुजा म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

"मग खेळायचं काय? भोंडला?" मोनानं विचारलं.

अनुजाला त्या दिवसांत अन्न गोड लागत नव्हतं. ताटावर बसायची आणि भात चिवडून उठायची. काकूंना भरून येई. चुलत बहीण असून सख्ख्यापेक्षा जास्त जीव टाकते, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटी अनुजानंच तोडगा काढला: डोळे बांधायचे, वाट्या नाकापुढं धरायच्या आणि वासावरून ओळखायचं. तोंड गोत्यात आणतं, डोळे गोत्यात आणतात. नाकाला कुणाचं मागचं-पुढचं ठाऊक नसतं. सगळे वास ओळखणारीला कुकर बक्षीस.

रविवारी वरच्या हॉलमध्ये सगळ्या जांभळ्या साड्यांत जमल्या. राजनंदिनी हसतमुख, चौकस मुलगी होती. तिनं खेळाचे नियम नीट विचारून घेतले आणि म्हणाली, लई सोपं हाय की हे, जरा अवघड करू या. अनुजा रस्सा गरम करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच रेंगाळली. कान मात्र बाहेर होते.

आधी नवरीची पाळी. एकेक वास तिनं बरोबर ओळखल्याच्या टाळ्या ऐकू आल्या. मग थोडी कुजबुज झाली आणि प्रियदर्शनी म्हणाली, "हे तर गाडी पुसायचं फडकं हाय." हॉल हसून लोटपोट झाला. नुसतं हसूच होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. बाकीच्यांच्याही पाळ्या हसण्यातच गेल्या. पुण्याचं नाव निघालं नाही. अनुजानं गॅस बारीक केला आणि बऱ्याच दिवसांनी कढईतल्या पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा एक तुकडा तोंडात टाकला.

"अनुजाताई, तू एकटीच राहिलीस," म्हणत मोना आत आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. डोळ्यांवर ओढणी राजनंदिनीनं बांधली. वाट्या अनुजानंच भरलेल्या, त्यामुळं नाकापर्यंत यायच्या आतच तिनं उत्तरं देऊन टाकली: चटणी, काकवी, कापूर, आलं. हिला बाद करा, असं काकू कौतुकानं म्हणाल्या. अनुजानं गाठ सोडायला हात मागं नेला.

"थांब की, अजून एक हाय," राजनंदिनी म्हणाली.

वाटी अगदी जवळ आली. जळक्या वाळूचा वास, धुऊनही न गेलेला, आणि त्यावर लवंग. अनुजाचा गाठीवरचा हात आपोआप खाली आला.

"उदय," ती म्हणाली. दाराशी ओळखीची पावलं वाजल्यावर माणूस म्हणतं, तशी.

वाटीत राजनंदिनीनं सकाळी भावाच्या खिशातून गुपचूप काढून आणलेला रुमाल होता. नवरीसकट तो कुणालाच ओळखता आला नव्हता. पाचही वास बरोबर सांगणारी अनुजा एकटीच निघाली, म्हणून ठरल्याप्रमाणे कुकर तिला देण्यात आला.