जुन्या डिस्कमधलं फोल्डर

“पिंपातलं पाणी कळशीत कसं मावेल, आबा?” प्रशील हसून म्हणाला. “जुनी हार्ड डिस्क पाचशे जीबीची, जवळजवळ भरलेली. तुम्ही आणलेली ही नवी डिस्क, एसएसडी, तिच्या निम्मी. सगळं जसंच्या तसं उतरवायचं, तर आधी काहीतरी काढावं लागेल.”

जळगावला प्रशीलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कौतिकआबा आणि त्यांची सून दिपमाला स्टुलांवर बसून होते. दिपमाला पाचोऱ्याला घरूनच मुलांचे ऑनलाइन क्लास घ्यायची आणि ऐन शिकवण्यात कॉम्प्युटर अडकून पडायचा. निम्मी मुलं सोडून गेली होती. नवऱ्याला, योगेंद्रला, सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. तो आपला आज करू, उद्या करू. आज तो कामासाठी धुळ्याला गेला, तशी तिने सासऱ्यांना बरोबर घेतलं आणि सरळ गाडी पकडली.

“हे बघा, जागा कुणी खाल्ली. एकच फोल्डर आहे,” म्हणत प्रशीलने ते उघडलं. पडदाभर व्हिडिओंची चित्रं आली. कसली, ते सांगायला नको. सासऱ्या-सुनेने एकत्र बघावीत अशी नव्हती. त्याने घाईघाईने ते बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दिपमालाचा चेहरा उतरला.

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचे प्रताप त्यांच्या लगेच ध्यानात आले. ही उद्या उठून माहेरी निघून गेली तर? गल्लीतली भांडणं मिटवायला लोक ज्यांना बोलावून नेतात, ते आबा खाली बघत, पोराचं पाप आपल्या अंगावर घेत म्हणाले, “काढी टाक भाऊ. मनं शे ते.”

प्रशीलने त्यांच्याकडे न बघताच ते काढून टाकलं. बाकीचं सगळं नव्या डिस्कवर नीट बसलं. परतीच्या गाडीत सासरा-सून शेजारी बसले. आता ही आपल्याला चहाही लांबूनच देईल, असं आबांच्या मनात येत राहिलं. देवो बापडी. पोराचा संसार तर वाचला.

संध्याकाळी योगेंद्र आला. बाप-लेक जेवायला बसले. वाढता वाढता दिपमाला म्हणाली, “कॉम्प्युटर करून आणला आज. जागा पुरत नव्हती, म्हणून एक मोठं फोल्डर काढावं लागलं. आबा म्हणाले, त्यांचं आहे.”

योगेंद्रचा घास हातातच राहिला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग तो बापावरच उखडला.

“आबा, या वयात असलं पाहता तुम्ही? काही लाज?”

आबांनी मान वर केली नाही. दुकानात वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आता वाटली, या पोराचा बाप असल्याची.

दिपमालाने आबांच्या ताटात भाकरी वाढली.

“असलं म्हणजे कसलं?” ती नवऱ्याला म्हणाली. “त्यात काय होतं, ते मी सांगितलंच नाही.”