रिकाम्या जागेचे नाव

एका तसबिरीतील रिकाम्या जागेपायी एका विद्यार्थिनीचा प्रवेश कसा अडून राहिला, आणि तिने कोणापुढेही मान न तुकविता काय केले, ते जसे घडले तसे येथे निवेदन करण्यात येत आहे.

टिल्डा रॉस्कोने काडी ओढली व नावे म्हणावयास प्रारंभ केला.

मिशिगनच्या उत्तर टोकावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाच्या शाखेचा तो जुना रिवाज होता. उमेदवाराने पेटती काडी बोटांत धरावयाची, आणि ज्योत बोटांस भिडण्यापूर्वी भिंतीवरील १९७४ च्या पहिल्या तुकडीची नावे क्रमाने म्हणून संपवावयाची. तसबिरीत चेहरे पंधरा होते. पितळी नावपट्ट्या मात्र चौदा. मधल्या ओळीत एका हसऱ्या तरुणाखाली स्क्रूची दोन भोके तेवढी उरली होती. त्याला वगळून पुढे जावयाचे, हाही रिवाजच.

टिल्डाने सात नावे म्हटली. आठवे म्हटले, "आर्व्हो नीमी."

"झालं कल्याण!" मागून डफी नावाचा सभासद ओरडला. "अगं बाई, तिसरी वेळ आहे ही!"

ती थांबली नाही. चौदाव्या नावाला ज्योत बोटाला लागली. काडी न सोडता तिने पंधरावे नाव पूर्ण केले आणि मगच फुंकर मारली.

शाखाप्रमुख एमेट लाह्टी याने कपाळावर हात मारला. टिल्डाचे नाव त्यानेच सुचविले होते. वसंतात होणाऱ्या स्पर्धेचा लाकडी पूल केवळ सभासदच बांधीत, आणि टिल्डाच्या आराखड्याइतका सुंदर आराखडा त्याने पाहिलेला नव्हता. संधी तीनच मिळत. आज प्रवेश हुकला की कायमचा हुकला.

तसबिरीखालच्या खुर्चीत शाखेचे सल्लागार पेनरोज बसले होते. पहिल्या ओळीतील मधला चेहरा त्यांचाच. वर्षातून दोनदा ते डुलुथ शहराहून येत. पेन्सिलीने कॉफी ढवळीत, टिल्डाकडे न पाहताच ते म्हणाले, "एक नाव जास्त झालं."

"जास्त नाही, साहेब. चेहरे मोजा."

नीमीची हकिगत सर्वांस ठाऊक होती. १९७४ साली स्पर्धेत शाखेचा पूल पहिला आला होता. नीमीने परीक्षकांकडे जाऊन सांगितले की नियमाविरुद्ध लाकडाच्या पोटात पोलादी तार दडवलेली आहे. बक्षिसाची ढाल परत गेली. नीमीला मंडळातून काढले, आणि पदवी न घेताच तो गाव सोडून गेला. त्याची पट्टी पेनरोज यांनी स्वहस्ते उखडून जवळच्या सरोवरात भिरकावली, असे नव्या मुलांना अभिमानाने सांगत. तार कोणी घातली होती, हे मात्र कोणी विचारीत नसे.

"तुझा कोण लागतो गं तो?" डफीने विचारले. "उगाच का बोट भाजून घेतेस?"

टिल्डा म्हणाली, "माझ्या आईचे वडील या तसबिरीत आहेत."

"अगं वेडे, मग आधी बोलायचं नाही?" एमेट उठूनच उभा राहिला. "पहिल्या तुकडीच्या नातवंडांना परीक्षाच नसते! सरळ प्रवेश!"

"तसला प्रवेश मला नको. म्हणून तर बोलले नाही."

"आणि नीमीच्या नातीला तो मिळणारही नाही," डफी म्हणाला. "काढून टाकलेला माणूस तो. हो ना, साहेब?"

पेनरोज यांची पेन्सिल थांबली. "काढून टाकलेल्याच्या घरच्यांना सवलत नाही," ते सावकाश म्हणाले. "नियम आहे तसा."

एमेट टिल्डाजवळ गेला. "एक नाव गिळ ना गं," तो हलकेच म्हणाला. "मी हातापाया पडून चौथी संधी मागून घेतो."

"आणि मग पूल बांधू? ज्याने खरं सांगितलं त्याचं नाव गिळून?" ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "जळलं तर जळू दे बोट. मत घ्या."

परीक्षा कशीही झाली तरी शेवटचा निर्णय मतांनीच होई. मताची पेटी आली. पांढरी गोटी म्हणजे होकार, आणि एक जरी काळी निघाली तरी नकार. अकरा सभासद होते. डफीने गुप्त मताचा नियम मोडून आपली गोटी उंच धरली. "बघून घ्या, पांढरी आहे! पोरगी डोकेफिरू आहे, पण आपल्याला पसंत आहे." मग दुसऱ्यानेही उंच धरली. मग तिसऱ्याने. एमेटची अकरावी गोटीही पांढरीच पडली.

शेवटचे मत सल्लागारांचे. पेनरोज यांनी ताटलीतून काळी गोटी उचलली. त्यांचा हात पेटीच्या भोकावर आला आणि तेथेच राहिला.

"जरा थांबा, साहेब."

टिल्डाने खिशातून काळवंडलेली पितळी पट्टी काढली. ती तसबिरीपाशी गेली, मधल्या ओळीतील रिकाम्या जागी तिने ती धरली, दोन बारीक स्क्रू बसवले आणि नाण्याच्या कडेने घट्ट पिळले. पट्टी भोकांवर अचूक बसली. आर्व्हो नीमी.

"ही तर सरोवरात गेली होती!" एमेटच्या तोंडून निघाले. "कुठे मिळाली तुला?"

"दाढीच्या सामानाच्या डब्यात. पात्यांच्या खाली, कापसात गुंडाळलेली. सोबत हेही होतं."

तिने वीतभर पोलादी तार टेबलावर ठेवली. पेनरोज यांच्या कपातील कॉफी हिंदकळली.

"कुणाच्या डब्यात?" एमेटने विचारले.

टिल्डाने त्याच्याकडे पाहिले नाही. खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहत ती म्हणाली, "माझ्या आईच्या वडिलांच्या. टाका आता ती काळी गोटी, आजोबा."

येथवर लक्ष देऊन वाचणाऱ्या सर्व वाचकांचे आभार मानतो.
दौलत गणपत खिलारे