शेवटचा परस

"सहा परस झाले. वर या आता," मालक काठावरून म्हणाला. "ठरलं होतं तेवढं खणून झालं. उद्या बुजवून टाकू."

ती विहिरीच्या तळाशी पहार धरून उभी होती. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ही पहिलीच विहीर. ती कोरडी निघाली तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं. आणि पायाखालचा मुरूम सकाळपासून पाणी जवळ असल्यासारखा गार लागत होता; तिचा जीव अगदी उतावीळ झाला होता.

"परस कोणाचा धरलात?" तिने खालून विचारलं.

"कोणाचा म्हणजे?"

काठावर बसलेले सासरे मिशीत हसले. "परस म्हणजे पुरुष, मालक. पूर्वी टेप कुठली? माणूस तळाशी उतरायचा, हात वर करून ताठ उभा राहायचा. पायापासून बोटांच्या टोकापर्यंत एक परस."

"मग तसे सहा झालेच की."

"झाले ते माझ्या उंचीचे," ती म्हणाली. "सगळ्या खुणा मीच उभी राहून केल्यात. पुरुषाचं माप बाईनं घेतलंय, तेही एवढ्याशा बाईनं. तुम्हाला चालतं का? विहीर तुमची, परस तुमचा पाहिजे. उतरा खाली."

मालकाची विटांची भट्टी होती आणि उंची दारात वाकायला लावणारी. भट्टीवर त्याला कोणी प्रश्न विचारत नसे. तो पुटपुटत दोराच्या शिडीवरून उतरला, पाचव्या खुणेखाली उभा राहिला आणि त्याने हात वर केले. बोटं खुणेच्या वर चांगली हातभर गेली.

"हातभर कमी भरला," सासरे वरून म्हणाले. "हा नुसता शेवटचा. मागचे पाच आम्ही सोडून दिले."

मालकाला हसावं की चिडावं कळेना. "हातभर खणा. पुढे एक बोटही नाही. मी इथेच उभा आहे."

तिने पदर खोचला. पहार पडत गेली, माती बाजूला होत गेली. मालक आधी घड्याळ बघत होता, मग पहारीकडे बघायला लागला, मग त्याने न सांगता फावडं उचललं. वीतभर झालं, काही नाही.

पुढचा घाव बसला आणि पहार लोण्यात गेल्यासारखी आत गेली. तिने ती उपसली. भोकातून गढूळ पाणी उसळलं, दोघांच्या पावलांवरून पसरलं. मालक बूट काढायचंही विसरला आणि ओंजळ भरून ते मातकट पाणी त्याने तोंडावर मारलं.

"काय झालं?" सासरे वरून ओरडले. "पाणी लागलं का? किती आहे?"

पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं.

"थांबलं की सांगते, बाबा."