गाण्यामधला सत्कार

"आमदारसाहेब आलेत. गाणं थांबव, सत्कार उरकून घेऊ," आयोजक घोलपकाका साउंड मिक्सरवर वाकून म्हणाले. मंचावर गायिका डोळे मिटून वरच्या षड्जाकडे निघाली होती.

"राग संपला की करू, काका," मिक्सरमागे बसलेली रेवती म्हणाली. मैफलीची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती.

"अगं, साहेब ताटकळतील! शाल, नारळ, पाच मिनिटांचं काम. पुढच्या वर्षीही मैफल करायचीय ना तुला?"

"करायचीय. साहेबांना पहिल्या रांगेत बसवा, चहा पाठवते."

काका तणतणत गेले आणि त्यांनी निवेदकालाच मंचावर धाडलं. त्याने माइक तोंडाशी धरताच रेवतीने मिक्सरवरून त्याचा आवाज बंद केला. त्याचे ओठ हलत राहिले, मैदानभर ऐकू आलं ते फक्त गाणं. "ओ, खाली बसा!" श्रोत्यांतून कुणीतरी ओरडलं. निवेदक नारळ पोटाशी धरून तिथेच बसला.

काका धापा टाकत परतले. "उद्यापासून या मैदानावर तुला एकही काम मिळणार नाही!"

"उद्यापासून ना?" रेवतीने तंबोऱ्याचा आवाज किंचित वाढवला. "मग आज जरा बाजूला व्हा. मागच्यांना मंच दिसत नाहीये."